नेम, भक्ती आणि मोकळीक : वारकरी संतकवितेच्या आधारे एक विचार

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला संत जनाबाईंचे अभंग शिकवत असताना एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, जनाबाई आयुष्यभर दासीच राहिल्या. दळण सुटलं नाही, कांडण सुटलं नाही, दुसऱ्याचं घर सुटलं नाही. मग भक्तीमुळे त्या मुक्त झाल्या, असं आपण परीक्षेत का लिहायचं?" वर्गात थोडी चुळबुळ झाली. बाह्य बंधन वेगळे आणि अंतरीची मुक्ती वेगळी, असे ठरावीक उत्तर मी त्या तासाला दिले. तिने ते वहीत उतरवून घेतले. पण तिचे समाधान झाले नाही हे मला दिसत होते, आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नव्हते.

प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे. शिस्त आणि भक्ती यांच्या वाटेने माणूस खरोखर स्वतंत्र होतो का, हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे तसाच मराठी साहित्याचाही आहे. मराठी कवितेचा पहिला मोठा बहर ज्यांच्या वाणीतून आला ती माणसे रोजचा नेम पाळणारी होती. त्यांपैकी अनेकांना समाजाने स्वातंत्र्य म्हणून फारसे काही दिलेले नव्हते. त्यांना नेमधर्मातून काय मिळाले आणि काय मिळाले नाही, याचा हिशेब दोन्ही बाजूंनी मांडला पाहिजे. एकच बाजू मांडली की भक्तिकविता एक तर केवळ गौरवाचा विषय होते, नाहीतर केवळ टीकेचा.

शब्द काय सांगतात

सुरुवात शब्दांपासून करू. 'नेम' हा शब्द 'नियम' या संस्कृत शब्दापासून आला. 'गुरुवारचा नेम', 'नेमधर्म', 'नेमाने जाणे' या प्रयोगांत तो नियम, व्रत या अर्थाने येतो. पण आंब्याच्या झाडावर दगड भिरकावणारा मुलगाही 'नेम धरतो', आणि त्याचा 'नेम चुकतो'. म्हणजे एकाच शब्दात नियमही आहे आणि लक्ष्यही आहे. 'शिस्त' या शब्दाचेही तसेच. हा शब्द फारसीतून मराठीत आला आणि जुन्या मराठीत बंदुकीची 'शिस्त धरणे' म्हणजे नेम धरणे. आज शिस्त म्हटले की रांग, गणवेश आणि वेळापत्रक आठवते. त्या शब्दात एके काळी कशावर तरी खिळलेली नजर होती, हे आपण विसरलो आहोत. लक्ष्य हरवले की नेमाची नुसती सवय उरते, आणि नेम दुसऱ्याने आपल्यासाठी धरला तर त्याची सक्ती होते.

'स्वतंत्र' हा शब्द 'स्व' आणि 'तंत्र' मिळून झाला. 'तंत्र' याचा एक जुना अर्थ विणकराचा माग, मागावरचे ताणलेले उभे धागे, आणि त्यावरून व्यवस्था, रीत. तेव्हा स्वतंत्र म्हणजे ज्याला कसलेच तंत्र नाही असा माणूस नव्हे. त्याला आपण स्वैर म्हणतो. ज्याचे तंत्र त्याचे स्वतःचे आहे तो स्वतंत्र, आणि दुसऱ्याच्या मागावर विणतो तो परतंत्र. धागे दोघांच्याही मागावर ताणलेलेच असतात. माग कोणाचा, एवढाच प्रश्न आहे.

'भक्ती' हा शब्द मात्र आपल्या आजच्या कल्पनेला अडचणीत आणतो. त्याचा धातू 'भज्', म्हणजे वाटून घेणे, वाटेकरी होणे. भाग, विभाग, विभक्त हे शब्द त्याच धातूचे. एकत्र कुटुंबातून भाऊ 'विभक्त' होतो तेव्हा तो वेगळी चूल मांडतो. भक्त याच्या उलट, तो सहभागी होतो. आज आपण व्यक्तिस्वातंत्र्य म्हणतो तेव्हा पुष्कळदा विभक्त होण्याचे स्वातंत्र्य अभिप्रेत असते : माझा निर्णय, माझी वाट, माझे आयुष्य. संतांना हवी असलेली मोकळीक या जातीची नव्हती. म्हणून आजच्या फूटपट्टीने त्यांना मोजताना सावध राहावे लागते. पण त्यांना फूटपट्टीच लावू नये, असाही याचा अर्थ नाही. त्यांची स्वतःची एक फूटपट्टी होती, आणि ती वारीच्या रचनेतच पाहायला मिळते.

वारीचा नेम

वारकऱ्याचा नेम थोडक्यात असा : गळ्यात तुळशीची माळ, आषाढी-कार्तिकीची पंढरीची वारी, एकादशीचा उपवास, रोजचा हरिपाठ, मद्यमांस वर्ज्य, खोटे बोलू नये, परस्त्री मातेसमान मानावी. यांत अवघड तत्त्वज्ञान नाही, खर्चिक कर्मकांड नाही आणि मध्यस्थाची गरजही फारशी नाही. माळ घालणे हा निर्णय असतो. ती घालणारा माणूस 'आजपासून मी या गोष्टींनी बांधलेला आहे' असे स्वतः जाहीर करतो.

ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्याला आजचे शिस्तबद्ध रूप देण्याचे श्रेय हैबतबाबा आरफळकर यांना दिले जाते. ते सातारा भागातील आरफळ गावचे, आणि ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी होते. त्यांच्याविषयी वारकऱ्यांत एक आख्यायिका सांगितली जाते. नोकरी सोडून गावी परतत असताना वाटेत त्यांना लुटले गेले आणि एका गुहेत कोंडून ठेवले गेले. कोंडलेल्या अवस्थेत त्यांनी हरिपाठाचा नेम सोडला नाही. पुढे लुटणाऱ्यांच्या नायकाचे मन पालटले आणि त्याने त्यांना सोडून दिले. तिथून ते आळंदीला गेले ते कायमचे. ही कथा जशीच्या तशी इतिहास म्हणून घेण्याचे कारण नाही. परंतु परंपरेला स्वातंत्र्याविषयी काय वाटते, हे ती सांगते. कथेतला माणूस गुहेतून सुटतो आणि शिंद्यांच्या चाकरीत किंवा जहागिरीत परत जात नाही. तो आपण होऊन दुसऱ्या चाकरीत जातो. सुटका आणि बांधिलकी या दोन्ही गोष्टी कथेने एकमेकींना लागून ठेवल्या आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबांनी सोहळ्याला जी घडी घालून दिली तिच्यात सरदारी लवाजम्याचा अनुभव उतरलेला दिसतो. रथाच्या पुढे आणि मागे चालणाऱ्या दिंड्यांचे क्रम ठरलेले, मुक्काम ठरलेले, चोपदारांचे अधिकार ठरलेले. बेळगाव जिल्ह्यातील अंकलीच्या शितोळे सरकारांकडून माउलींचे अश्व येतात. अंकलीहून आळंदीपर्यंत ते पायी नेले जातात. सीमाभागातील वाचकाला हे वेगळे सांगायला नको. रिंगणात धावणाऱ्या दोन अश्वांपैकी एकावर ध्वजधारी स्वार असतो आणि दुसऱ्याची पाठ मोकळी असते, कारण त्यावर माउली बसली आहे अशी श्रद्धा आहे.

या सर्व शिस्तीत एक प्रथा मला फार मोलाची वाटते. संध्याकाळी पालखी मुक्कामी पोहोचली की समाजआरती होते. दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळमृदंगांचा गजर चाललेला असतो. चोपदार आपला दंड उंचावतात आणि क्षणात सगळे टाळ थांबतात. इतक्या मोठ्या समुदायात पसरणारी ती शांतता ज्याने अनुभवली तो विसरत नाही. पण दंड उंचावल्यावरही एखाद्या दिंडीचे टाळ वाजतच राहिले, तर त्या दिंडीची काही तक्रार आहे असा त्याचा अर्थ होतो. कोणावर अन्याय झाला असेल, व्यवस्थेत काही चुकले असेल, तर त्या दिंडीने टाळ वाजवत राहायचे. मग तिचे म्हणणे ऐकून घेतले जाते, निवाडा होतो आणि पुढे आरती होते. म्हणजे थांबण्याच्या आज्ञेतच न थांबण्याची मुभा ठेवलेली आहे. तक्रार करणारा शिस्त मोडत नाही, कारण तक्रार हा शिस्तीचाच भाग आहे.

नेम आणि सक्ती यांतला फरक ओळखण्याची कसोटी मला इथे सापडते. तिचे तीन भाग आहेत. नेम स्वतः घेतलेला आहे की लादलेला? तो कोणालाही शिकता येईल असा आहे, की त्याची किल्ली मोजक्या हातांत आहे? आणि त्याच्या आत उभे राहून तक्रार करता येते का? तिन्ही प्रश्नांची उत्तरे अनुकूल असतील तर शिस्तीतून मोकळीक निर्माण होते. एक जरी उत्तर प्रतिकूल असेल तर तेवढ्या प्रमाणात ती शिस्त बंधनच राहते, तिला भक्तीचे नाव दिले तरी.

अभंगाचा नेम

हीच कसोटी छंदाला लावून पाहता येते, आणि साहित्याच्या विद्यार्थ्याने ती लावून पाहावी. मोठ्या अभंगाचा नियम साधा आहे. चार चरण, पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरे, चौथ्यात चार, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाच्या अंती यमक. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण आणि शेवटी यमक. एखादे अक्षर कमीजास्त झाले तरी म्हणताना ते सांभाळून घेता येते. लघु कोणते आणि गुरू कोणते, हे जाणण्याची गरज नाही. गणांची कोष्टके पाठ करावी लागत नाहीत. ज्याला ऐकता येते आणि टाळावर मान डोलावता येते त्याला अभंगाचा साचा आपोआप अंगवळणी पडतो.

याच्याशेजारी पंडित कवींची वृत्ते ठेवून पाहावीत. वामन पंडितांचे श्लोक किंवा मोरोपंतांच्या आर्या म्हणजे मराठीचे वैभवच आहे. पण त्या रचनेची शिस्त संस्कृत छंदःशास्त्राच्या अभ्यासातून येते, आणि तो अभ्यास ज्यांना खुला होता त्यांनाच ती शिस्त खुली होती. अभंगाची आणि ओवीची शिस्त जात्यावर, शेतात, दिंडीत, कीर्तनात ऐकून शिकता येत होती. जात्यावरच्या ओव्या रचणाऱ्या असंख्य बायांनी ती शिकून घेतली आणि त्यांना कोणी कवी म्हटले नाही. शिंपी नामदेव, माळी सावता, कुंभार गोरोबा, महार चोखोबा, दासी जनाबाई हे सगळे एकाच रचनाप्रकारात बोलतात, यात त्या रचनाप्रकाराचा वाटा मोठा आहे. कठोर असूनही सर्वांना खुला असलेला नियम त्यांना मिळाला होता.

अभंगाच्या शेवटच्या चरणात कवी आपले नाव घालतो, ती नाममुद्रा. हाही नियमाचाच भाग. ज्या स्त्रीला व्यवहारात स्वतःच्या नावाने एक कागद करता आला नसता, तिला अभंगाच्या नियमाने शेवटी आपले नाव उच्चारणे भागच पाडले. 'दासी जनी' ही मुद्रा या दृष्टीने वाचावी. 'दासी' हा शब्द समाजाने दिलेला, तिथे निवड नव्हती. पण तो दर अभंगाच्या शेवटी स्वतःच्या सहीसारखा उमटवणे ही निवड आहे. कोणत्या संताचे अभंग कोणी लिहून घेतले, याची यादी देणारा एक अभंग जनाबाईंच्या नावावर आहे. चोखोबांचे लेखनिक म्हणून त्यात अनंतभट्टांचे नाव येते, आणि जनीचे अभंग कोणी लिहिले तर प्रत्यक्ष पांडुरंगाने, असे ती सांगते. आपल्या शब्दांना लेखनिक मिळण्याचा अधिकार किती सहजपणे ती गृहीत धरते, हे इथे पाहण्यासारखे आहे.

तक्रारीची भाषा

जनाबाईंच्या कवितेतील विठ्ठल दळू लागतो, शेणी वेचतो, तिची वेणी घालतो. हे चमत्कार म्हणून सांगितले जातात तेव्हा एक गोष्ट नजरेआड होते. ज्या कामांना घरात काही किंमत नव्हती त्या कामांना तिने कवितेत देवाच्या हातांची किंमत दिली. ती याच देवाला रागाने शिव्याशापही देते, त्याला बोल लावते. डोक्यावरचा पदर ढळल्याची लाज न धरता टाळ-वीणा घेऊन भर बाजारात उभे राहण्याची तयारी ती एका अभंगात बोलून दाखवते. ज्या काळात दासीला धन्यापुढे मोठ्याने बोलण्याची सोय नव्हती त्या काळात ती धन्याच्याही धन्याला जाब विचारते. दळण तिच्यावर लादलेले होते आणि नामस्मरण तिने घेतलेले होते. दळताना नामस्मरण करून तिने लादलेल्या वेळेतला काही भाग स्वतःचा करून घेतला. त्यामुळे दळण थांबले नाही. दळताना काय बोलायचे, एवढे मात्र घराच्या मालकाच्या हाती राहिले नाही.

सतराव्या शतकातील बहिणाबाई (१६२८-१७००) यांच्या बाबतीत दोन शिस्तींची टक्कर अधिक उघडपणे दिसते. ब्राह्मण घरात जन्म, अजाण वयात वयाने पुष्कळ मोठ्या बिजवराशी लग्न. पुढे तुकोबांच्या अभंगांची ओढ लागली आणि त्यांना त्यांनी मनोमन गुरू मानले. ब्राह्मण स्त्रीने शूद्र गुरू करावा, हे पतीला सहन झाले नाही. त्याने मारहाण केली. हे सर्व बहिणाबाईंनी आत्मनिवेदनपर अभंगांत स्वतः सांगितले आहे. पत्नीधर्म ही लादलेली शिस्त होती आणि तुकोबांची भक्ती ही घेतलेली. बहिणाबाईंनी पहिली मोडून टाकली नाही. पतिव्रतेच्या कर्तव्यांवरही त्यांचे अभंग आहेत. तरी स्त्रीदेह पराधीन आहे, वेदांचा अधिकार तिला नाही, मग परमार्थ तिने साधावा कसा, हा रोकडा प्रश्नही त्यांनीच विचारला. ब्राह्मण खरा कोणता, याची चिकित्सा करणाऱ्या वज्रसूची उपनिषदाचा आशय त्यांनी अभंगांत आणला.

पुढे पतीचे मन बदलले आणि ते कुटुंब देहूला गेले, असे आत्मनिवेदनात येते. पण मन बदलले नसते तर? तर बहिणाबाईंजवळ दुसरा मार्ग काय होता? हा प्रश्न वर्गात विचारला पाहिजे. त्यांची मोकळीक एका माणसाच्या मर्जीवर टांगलेली राहिली, हे लपवण्यात भक्तीचा मान नाही. तरीही घरातल्या मारहाणीची हकीकत प्रथमपुरुषात, स्वतःच्या नावाने, तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी मराठीत नोंदवली गेली, ती या नेमामुळेच. बहिणाबाईंना अभंगाचा साचा आणि अनुग्रहाचा आधार नसता, तर ही हकीकत त्या घराच्या भिंतींबाहेर आली नसती.

स्वतः घेतलेला नेमही कधी कधी माणसाला कोंडतो, याचे भान परंपरेला होते. लोकांच्या वागण्याने उद्विग्न होऊन ज्ञानेश्वर ताटी लावून आत बसले, तेव्हा मुक्ताबाईंनी ताटी उघडण्याची विनवणी केली, असा 'ताटीच्या अभंगां'चा प्रसंग सांगतात. धाकटी बहीण थोरल्या भावाला, तोही योगी, समजावते की जगाचा राग आला म्हणून साधूने दार लावून घेऊ नये. दार लावण्याचा निर्णय ज्ञानेश्वरांचाच होता. तरी तो मोकळा करणारा नव्हता, कारण तो विभक्त करणारा होता.

जिथे वाट अडली

आता हिशेबाची दुसरी बाजू. मंगळवेढ्याचे चोखोबा हे नेमाला पक्के वारकरी. भक्तीत कुठे उणे नाही, रचनेत नाही. पण पंढरपूरच्या देवळात त्यांना प्रवेश नव्हता. गावकुसाचे काम चालू असताना ते कोसळून चोखोबांचा अंत झाला. त्यांची समाधी महाद्वाराशी, नामदेव पायरीजवळ आहे, म्हणजे बाहेरच. त्यांच्या पत्नी सोयराबाई विटाळाविषयी असा प्रश्न विचारतात की विटाळ देहातच असेल तर विटाळावाचून कोणता देह आहे. मुलगा कर्ममेळा तर देवालाच कडवट शब्दांत विचारतो की आम्हाला असा जन्म देऊन तू काय साधलेस. एकाच घरातली ही माणसे. वारीच्या समाजआरतीची भाषा वापरायची तर या घराचे टाळ थांबले नाहीत. पण त्यांची तक्रार ऐकून निवाडा करायला कोणी पुढे आले नाही.

निवाडा व्हायला सहा शतके लागली. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपूरला उपोषण केले तेव्हा विठ्ठल मंदिर सर्वांना खुले झाले. साने गुरुजी स्वतः नेम आणि भक्ती मानणारे होते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली. ती उतरवून घेतली साने गुरुजींनी, आणि त्यांतूनच 'गीता-प्रवचने' हे पुस्तक झाले. तुरुंगात बसून निष्काम कर्मावर बोलणारा आणि ते लिहून घेणारा, या दोघांनाही आतून मोकळे असणे म्हणजे काय, ते ठाऊक होते. तरी साने गुरुजींनी हरिजनांना 'देव तुमच्या अंतरातच आहे, देवळाची गरज काय' असे सांगितले नाही. दार उघडलेच पाहिजे, असे ते म्हणाले. अंतरीची मुक्ती हे दार बंद ठेवण्याचे निमित्त होऊ शकत नाही, हे त्यांनी उपोषणाने, म्हणजे भक्तीतल्याच एका साधनाने, सांगितले.

दुसऱ्याच वर्षी, १९४८ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला आहे. बाबासाहेबांनी भक्तीचा मार्ग मुक्तीचा म्हणून स्वीकारला नाही. पण त्या मार्गावर चालताना ज्यांनी तक्रार केली त्यांना त्यांनी आपले पूर्वज मानले. भक्तिकविता वाचण्याची ही एक अत्यंत प्रामाणिक रीत आहे.

वारीच्या वाटेवरही सगळे सारखे होते असे मानण्याचे कारण नाही. इरावती कर्वे यांनी 'परिपूर्ती' (१९४९) या संग्रहातील 'वाटचाल' या लेखात दिंडीसोबत केलेल्या प्रवासाचे वर्णन केले आहे. एकाच दिंडीत चालणारी, एकच अभंग म्हणणारी माणसे जेवायला मात्र जातीनुसार वेगवेगळी बसत, हे त्यांनी पाहिले आणि त्याची खंत नोंदवली. दिवसभर 'भक्त' असलेली माणसे जेवणाच्या वेळी 'विभक्त' होत होती. हे लिहिताना इरावतीबाईंच्या मनातील वारीविषयीची माया कमी झालेली नाही. खंत आणि माया एकाच लेखात राहू शकतात, हे त्या लेखातून शिकता येते.

छंद सोडल्यानंतर

आधुनिक कवितेने या वारशाचे काय केले, तेही थोडक्यात पाहू. बा. सी. मर्ढेकरांनी 'काही कविता' (१९४७) मध्ये अभंग आणि ओवी यांचे साचे घेतले आणि त्यांत यंत्रयुगातील माणसाची हताशा भरली. श्रद्धेचा आधार डळमळीत झाला तरी त्या श्रद्धेने घडवलेली शिस्त त्यांना उपयोगी पडली. पंचवीस वर्षांनी नामदेव ढसाळांनी 'गोलपिठा' (१९७२) मध्ये तो साचाच नाकारला. वरवर पाहता एकाने परंपरा राखली आणि दुसऱ्याने मोडली. पण आपल्या तिसऱ्या कसोटीने पाहिले तर ढसाळही चोखोबांच्या घरापासून फार दूर नाहीत. जी तक्रार नियमात राहून ऐकली गेली नाही ती नियमाबाहेर येऊन मांडावी लागली. आणि मुक्तछंदाला स्वतःची शिस्त असते, हे मुक्तछंद लिहू पाहणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला दोन-चार कवितांतच कळते. कुठे ओळ तोडायची हे छंद सांगत नाही, तेव्हा ते कवीलाच ठरवावे लागते. तिथे माग त्याला स्वतःच उभारावा लागतो.

उशिरा दिलेले उत्तर

त्या विद्यार्थिनीला आज मी काय सांगेन? जनाबाई दासीच राहिल्या, हे तिचे म्हणणे बरोबर आहे. भक्तीने त्यांची सामाजिक सुटका झाली नाही, आणि झाली असे उत्तरपत्रिकेत लिहू नये. पण 'मग त्यांना मिळाले काय' याचेही उत्तर आहे. त्यांना स्वतः निवडलेला एक नेम मिळाला, कोणाच्या परवानगीवाचून शिकता येईल असा एक छंद मिळाला, आणि जिच्यात देवालाही बोल लावता येतो अशी एक भाषा मिळाली. मोकळीक मिळाली ती बोलण्याची, आणि ती लहान नाही. पुढच्या पिढ्यांनी दारे उघडायला लावली ती हे बोलणे शिल्लक होते म्हणूनही.

शिक्षक म्हणून मला आणखी एक गोष्ट जाणवते. आपण विद्यार्थ्यांना जी शिस्त लावतो, पाठांतराची, शुद्धलेखनाची, वृत्तांची, वेळेची, तिलाही हेच तीन प्रश्न विचारले पाहिजेत. मराठी जिथे बहुसंख्यांची भाषा नाही अशा गावांत मराठी शिकणे हा आज बहुधा स्वतः घेतलेला नेम असतो. आपल्या मुलांना तो का घ्यावा, हे पटवून द्यावे लागते, लादून चालत नाही. आणि ज्या वर्गात नेमून दिलेल्या उत्तराविरुद्ध हात वर करता येतो, त्या वर्गात संतकविता शिकवण्याचा आपल्याला काही अधिकार उरतो. त्या दिवशी त्या मुलीने हात वर केला, तेव्हा माझ्या वर्गातली शिस्त बिघडली नव्हती. सगळे टाळ थांबले होते आणि एक वाजत राहिला होता. तो ऐकायला मला जरा वेळ लागला, इतकेच.